उतारावरची वीस मिनिटं

आमच्या बोलेरोला मागे हूक आहे. बोटीशी माझं नातं जुळलं ते एवढ्यावरच.

लेक दोन वर्षांपासून रोइंग करतेय. तळेगाव रोहीचा, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा पोरगा. 2016च्या रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या बोटीत 13वा आला आणि 2018च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण घेऊन आला. ती गोष्ट तिच्या डोक्यात बसली ती बसलीच. माझं काम एवढंच की पहाटे तिला मखमलाबादहून गोदावरीच्या काठावर सोडायचं आणि सराव संपेपर्यंत चहा पीत थांबायचं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गावातल्या नदीत पाणवेली इतक्या साचल्या की पोरांची वल्ही त्यात अडकायला लागली. सरांनी रीतसर परवानगी काढून चार रविवार गंगापूर धरणावर सराव ठरवला. पोरांच्या लांब बोटी टेम्पोतून जाणार होत्या. प्रश्न होता सरांच्या लाँचचा. पोरं पाण्यात असली की त्यांच्या मागे इंजिनाची एक बोट लागतेच, कोणी उलटलं तर उचलायला. ती ट्रेलरवर, आणि ट्रेलर ओढणारी नेहमीची गाडी गॅरेजात. सगळ्यांच्या नजरा माझ्या हुकाकडे गेल्या. मी म्हटलं, आणतो की. शेणखताची ट्रॉली रोज उलटी घेतो, हे काय त्यापेक्षा अवघड आहे?

अवघड होतं.

पहिल्या रविवारी साडेपाचला निघालो. ऑक्टोबर छाटणी उरकून द्राक्षाची बाग पोंग्यात, म्हणजे नव्या फुटीला, आली होती, डोळ्यावर झोप होती, पण रस्ता मोकळा. सोमेश्वर, गंगापूर गाव मागे टाकून फुगवट्याच्या काठावर पोचलो तेव्हा नुसतं फटफटत होतं आणि पाण्यावर धुकं होतं. काठाला काँक्रीटचा एक उतार थेट पाण्यात जातो. एका वेळी एकच ट्रेलर मावेल एवढाच रुंद, खालचा भाग शेवाळाने हिरवा झालेला. उतार रिकामा दिसला. मला वाटलं, नशीब काढलं. गाडी वळवली, ट्रेलर मागे करत निम्म्या उतारावर आणला, हँडब्रेक ओढला आणि निवांत उतरलो.

ट्रेलर मागे आणण्यातच पाच-सात मिनिटं गेली होती, ते आधी सांगतो. ट्रॉली लांब असते, तिला वळायला वेळ लागतो, त्यामुळे चूक सुधारायलाही वेळ मिळतो. बोटीचा ट्रेलर आखूड. स्टिअरिंग जरा हललं की तो लगेच काटकोनात. तीनदा पुढे, तीनदा मागे. वर उभ्या असलेल्या दोन पालकांनी एकाच वेळी "डावीकडे घ्या" आणि "उजवीकडे घ्या" असं सांगून मदत केली.

मग निम्म्या उतारावर उभं राहून मी तयारीला लागलो. ताडपत्री काढली, तिची घडी घातली. बोट बांधलेले पट्टे सोडायला घेतले, त्यातला एक गंजून अडकला होता. गाडीच्या डिकीतून लाइफ जॅकेटं आणली, मग इंजिनाची टाकी, मग दोर. टाकीत पेट्रोल कमी वाटलं म्हणून कॅनमधून तिथेच ओतायला लागलो आणि थोडं काँक्रीटवर सांडलं. सांडलेलं पेट्रोल ओघळत पाण्यापर्यंत गेलं आणि त्यावर तो इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरला. नाशिककरांच्या नळाला येतं ते पाणी याच धरणातलं, हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवण करून दिली गेली.

"ओ भाऊ, प्यायचं पाणी आहे ते."

पाण्यात, उतारापासून दहा-बारा हातांवर, एक होडी कधीपासून थांबली होती. रात्रभर जाळी लावून आलेले एक मामा आणि त्यांचा पुतण्या. होडीत ओल्या गोणपाटाखाली कटला आणि रोहू. त्यांचा छोटा हत्ती वर उभा होता आणि मधे माझी बोलेरो.

"दहाच मिनिटं मामा," मी म्हटलं.

"वीस तर झाली. मासळी तुमच्या घड्याळावर टिकत नाही."

मी घाईला आलो. आणि घाईत माणूस जे करतो ते केलं. ट्रेलर पाण्यात घातला, बोट सुटली, सर आत चढले, मी गाडी वर घेतली आणि सुटकेचा श्वास सोडतोय तोच सरांची हाक. बोटीच्या मागच्या अंगाला पाणी चढत होतं.

बूच. फायबरच्या बोटीला मागे तळाशी एक भोक असतं, आत साचलेलं पाणी काढून टाकायला. बोट ट्रेलरवर असताना बूच काढून ठेवतात, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. पाण्यात घालण्याआधी लावतात. ही माहिती मला सरांनी आदल्या दिवशी फोनवर दिली होती आणि मी "हो हो" म्हटलं होतं. बूच गाडीच्या कप्प्यात होतं, टोलच्या जुन्या पावत्यांखाली. मी ते शोधायला वर पळालो.

परत आलो तर मामा कमरेएवढ्या पाण्यात. एका हाताने आमची बोट धरलेली आणि खांद्यावरचा पंचा पिळून, गुंडाळून दुसऱ्या हाताने भोकात कोंबलेला. तोंडाने शिव्या चालू होत्या, पण हात सुटला नाही. पुतण्या डबड्याने पाणी उपसत होता. बोटीत 100 लिटर पाणी शिरलं तर 100 किलो वजन वाढतं, आणि सगळं मागच्या टोकाला, जिथे इंजिन आधीच लटकलेलं असतं. अजून पाच मिनिटं गेली असती तर इंजिनासकट मागची बाजू बसली असती.

त्यांची मासळी शेवटी उतरली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. मी माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. पंचा काळा झाला होता, तो तसाच टेम्पोत टाकला आणि गेले.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. या सगळ्या गोंधळात पोरांनी त्याच उताराच्या कडेने सहा बोटी पाण्यात घातल्या होत्या आणि कोणाला कळलंही नव्हतं. लेकीला विचारलं तेव्हा तिने मला रोज पाहून पण कधीच न दिसलेली गोष्ट सांगितली. वल्ही आधी खाली न्यायची आणि वाटेतून बाजूला, गवतात ठेवायची. बोटीचे नट, पाय टेकायची फळी, सगळं वरच तपासायचं. मग बोट खांद्यावर. एकट्याची बोट जेमतेम 14 किलोची, पण आठ मीटर लांब. तुम्ही जरा वळलात की मागचं टोक कोणाच्या तरी कानशिलात बसतं, म्हणून वळण्याआधी ओरडायचं. पाण्यात ठेवली की बसायचं आणि निघायचं. बूट घट्ट करणं, बाटली ठेवणं, केस बांधणं, सगळं पन्नास हात पुढे गेल्यावर. आणि कोणी परत येत असेल तर आधी त्याला जागा, कारण तो दमलेला असतो.

"पप्पा, उतारावर थांबायचंच नसतं," ती म्हणाली. माझ्या चाळीस वर्षांत मला कोणी हे शिकवलं नव्हतं. खरं तर बाजार समितीच्या गेटवर पिकअप आडवी लावून पावती शोधणाऱ्याला मी स्वतः कितीदा हॉर्न मारलाय.

दुसऱ्या रविवारच्या आधी, शनिवारी दुपारी, मी ट्रेलर मळ्यात उलटा घेऊन पाहिला. दोन पाट्या पालथ्या घातल्या, मधून जायचं. सरांनी एक युक्ती सांगितली होती: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर हात डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. डोक्यातला उलटसुलट हिशोब बंद. पंधरा-वीस वेळा केल्यावर पाट्या शाबूत राहायला लागल्या. बायको ओट्यावरून बघत होती. "पाटीचे पैसे कोण देणार?" एवढंच म्हणाली.

बोट धुतलीही त्याच दिवशी, आणि हे मी सगळ्यात गंभीरपणे सांगतो. आमची लाँच आठवडाभर गावातल्या पाणवेलींत असते. ट्रेलरच्या आसाला, रोलरच्या खाचेत, इंजिनाच्या पंख्याभोवती हिरव्या मुळ्या गुंडाळलेल्या होत्या. या वेलीचा एक तुकडा पुरतो, त्याला फुटवे येतात आणि वाढत जातात. मूळची दक्षिण अमेरिकेतली, आता आपल्या रामवाडीपासून खाली कुठेही बघा. गावातली पाणवेल आपण आपल्या हाताने ट्रेलरवर घालून वरच्या धरणात नेऊन सोडायची, याहून मोठा आगाऊपणा नाही. पहिल्या रविवारी आम्ही तो थोडक्यात चुकवला की नाही, हे आठवून अजून पोटात गोळा येतो. आता सगळं उपसून बांधावर उन्हात वाळत टाकतो, बोटीतलं पाणी मळ्यातच काढून टाकतो, आणि बोट कोरडी झाल्याशिवाय निघत नाही.

रविवारी पोचलो तो उताराकडे गेलोच नाही. वर बाभळीजवळ सपाट जागा आहे, तिथे थांबलो. चाकाच्या बेअरिंगला हात लावून पाहिला, कोमट होतं. गरम बेअरिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते, मग ग्रीस जातं. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं थांबायचंच असतं. ती तयारीला वापरायची. पट्टे, ताडपत्री, टाकी (पेट्रोल घरूनच भरून आणलेलं), जॅकेटं, पुढचा दोर. इंजिन वर उचललेलं, म्हणजे पंखा काँक्रीटला घासत नाही. ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढून टाकली, नाहीतर गरम बल्ब पाण्यात फुटतात. बूच लावलं. पुन्हा एकदा हाताने चाचपून पाहिलं. एक गोष्ट मात्र वर सोडायची नाही: पुढचा विंचचा, म्हणजे बोट ओढायच्या चरकाचा, हूक. तो मागची बाजू पाण्यात तरंगेपर्यंत लावलेलाच हवा, नाहीतर बोट उतारावरच ट्रेलरवरून घसरते आणि काँक्रीटवर आपटते.

मग उतारावर. अंधार होता म्हणून मोठे दिवे बंद करून नुसते पार्किंगचे ठेवले. गाडीचं तोंड वर असतं, दिवे थेट वर थांबलेल्या माणसाच्या डोळ्यांत जातात. मागे, मागे, थोडं मागे. लेकीने दोर धरला, बोट सुटली, तिने ती ओढत कडेला नेली, मी गाडी वर. तीन मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं, खोटं सांगत नाही.

संध्याकाळची बाजू तुलनेने सोपी. आधी बोट कडेला थांबवायची, आपला नंबर आला की मगच गाडी खाली आणायची, ट्रेलर फार खोल घालायचा नाही. सरांचा एकच आग्रह असतो: बोट विंचने ओढायची, इंजिनाच्या जोराने ट्रेलरवर चढवायची नाही. पंख्याचा झोत उताराच्या टोकाखालची माती उडवतो, तिथे खड्डा पडतो आणि पुढच्या कोणाचं तरी चाक त्यात बसतं. तो पुढचा कोणीतरी कधी कधी आपणच असतो. बोट चढली की पाणी गळत असतानाच वर निघायचं. बूच काढणं, पट्टे बांधणं, कोणी किती चांगलं वल्हवलं याची चर्चा, सगळं बाभळीखाली.

त्या दिवशी मामांसाठी नवा पंचा नेला होता. त्यांनी उलगडून पाहिला, काठ बघितला, "मालेगावचा का?" विचारलं आणि डोक्याला बांधला. माझ्या जुन्या प्रकरणाचा विषयही काढला नाही. त्या बदल्यात मी होडी ओढायला हात लावायला गेलो तर म्हणाले, "विचारल्याशिवाय होडीला हात लावायचा नाही, जाळं फाटतं." हेही बरोबरच होतं.

तिसऱ्या रविवारी शहरातले चार तरुण आले, फुगवायची कयाक घेऊन. उताराच्या मधोमध बसून पायाने पंप मारत होते. मला मी दिसलो. वरून ओरडावंसं वाटलं, पण आमचं प्रकरण मामांच्या ओरडण्याने सुटलं नव्हतं, ते पाण्यात उतरल्यावर सुटलं होतं. मी खाली गेलो, म्हटलं, "चला, एक बाजू मी धरतो, वर सावलीत फुगवू." दोन जण लगेच उठले. तिसरा म्हणाला, "काका, पाचच मिनिटं." चौथ्याने त्याच्या पाठीत चापटी मारली.

बूच आता गाडीच्या किल्लीलाच बांधलंय, सुतळीने. ते लावल्याशिवाय किल्ली सुटत नाही, आणि किल्लीशिवाय गाडी उतारावर जात नाही. द्राक्षाच्या व्यापाऱ्याने एकदा टेबलावर ती किल्ली पाहून विचारलं, हे काय? मी सांगितलं तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

चार रविवार संपले, पण सरांनी उन्हाळ्यापर्यंतची परवानगी वाढवून घेतली, त्यामुळे आम्ही अजून जातो. मामा राम राम म्हणत नाहीत. होडी काठाला लागली की धुक्यातून आवाज येतो, "बूच लावलंय का?" मी किल्ली वर धरून दाखवतो. तिला लटकलेली सुतळी रिकामी दिसली की ते वल्हं मारतात.