तुम्ही विचारलंत म्हणून : टर्मिनलवर चालतं, मग ब्राउझरमध्ये का नाही?

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या जुन्या स्क्रिप्ट सांभाळणारा माणूस म्हणून हा प्रश्न मला सारखा येतो. टर्मिनलवर स्क्रिप्ट बिनतक्रार चालते, ब्राउझरमध्ये मात्र 500, म्हणजे 'सर्व्हरवर काहीतरी बिघडलं'. मॉड्यूल (स्क्रिप्टला लागणारी जोड-कोडची फाइल) तर टाकलंय, मग सर्व्हरला ते दिसत का नाही?

माझा उलट प्रश्न ठरलेला आहे : कंसातलं वाचलंत का?

अपाचे या वेब सर्व्हरच्या एरर लॉगमधली, म्हणजे चुकांच्या नोंदवहीतली, ती ओळ लांबलचक असते. आधी अमुक डॉट पीएम (मॉड्यूलची फाइल) सापडत नाही, मग 'ते मॉड्यूल इन्स्टॉल करावं लागेल बहुधा' असा सल्ला, आणि त्यापुढे कंसात पर्लने शोधलेल्या फोल्डरांची यादी. या यादीचं नाव ॲट-आयएनसी. बहुतेक जण सल्ल्यापाशीच थांबतात आणि सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या सार्वजनिक भांडारावरून तेच मॉड्यूल पुन्हा उतरवत बसतात. हा सल्ला पर्ल 5.18 पासून सुरू झाला. त्याने मदत कमी आणि चकवा जास्त दिला, असं माझं मत.

मीही चकलोय. एका संस्थेच्या पावत्या छापणारी सीजीआय स्क्रिप्ट (ब्राउझरने मागितली की वेब सर्व्हर चालवतो ती) होती, आणि तिच्या शेजारीच आमचं घरचं पावती डॉट पीएम. उबुंटू 16.04 वरून 18.04 वर गेलो आणि सगळं बंद. टर्मिनलवरही तीच बोंब. मग घाईत डॉट बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलमध्ये पर्ल5लिब हे, पर्लला शोधायचे जादा फोल्डर सांगणारं, व्हेरिएबल लिहिलं, टर्मिनलवर पावती निघाली, मी खूश. ब्राउझर ढिम्म. रविवार गेला. सीपॅनवरची बाकीची मॉड्यूलं दोनदा टाकून झाली. आमचं पावती मॉड्यूल सीपॅनवर असणार कुठून, हे डोक्यात यायला संध्याकाळ झाली.

शेवटी कंस वाचला. यादीच्या शेवटी पूर्वी एक नुसता टिंब असायचा, म्हणजे 'सध्याचं फोल्डर'. तो गायब होता. 2017 मध्ये आलेल्या पर्ल 5.26 ने तो मुद्दाम काढला : टीएमपीसारख्या, कुणालाही फाइल ठेवता येणाऱ्या सामायिक फोल्डरात कुणी त्याच नावाची खोडसाळ फाइल ठेवली, तर तिथून चालवलेली स्क्रिप्ट तीच उचलायची. काढलं ते बरंच केलं, पण आमची स्क्रिप्ट इतकी वर्षं त्या टिंबावरच जगत होती.

आणि डॉट बॅशआरसी? ती माझ्या लॉगिनची. अपाचे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या नावाने चालतो, तो माझी फाइल कशाला वाचेल? ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचंही तेच, तोही ही फाइल वाचत नाही.

उपाय एका ओळीचा निघाला : स्क्रिप्टच्या डोक्यावर 'यूज लिब', म्हणजे 'या फोल्डरातही शोध', आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. तो पत्ता स्वतःच्या होम फोल्डरातला देऊ नका. उबुंटू 21.04 पासून नव्या युजरचं होम इतरांना बंद असतं, त्यामुळे पत्ता बरोबर असूनही सर्व्हर दारातच अडतो. तिथे 777 (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) ठोकायचा मोह होईल, तेवढा आवरा.

तुमचं दुखणं वेगळंही असू शकेल. म्हणून तीन ओळींची एक स्क्रिप्ट सीजीआय फोल्डरात टाका आणि ब्राउझरमधूनच उघडा. कोणता पर्ल चालतोय, कोणाच्या नावाने, आणि ॲट-आयएनसीत काय आहे, एवढंच तिने छापायचं. टर्मिनलवर पर्लब्रूचा (स्वतःपुरता वेगळा पर्ल बसवणाऱ्या साधनाचा) पर्ल आणि सर्व्हरवर सिस्टिमचा, असा घोळ तिथे लगेच उघडा पडतो. पाहून झालं की ती पुसून टाका. माझी चार महिने तशीच उघड्यावर राहिली होती.