टर्नटेबल ठरला : निवड, जुळणी आणि तानपुरा

रेकॉर्ड वाजवायला कोणता टर्नटेबल घ्यायचा, हा बरेच महिने चाललेला खल संपला. घरात आला आहे तो ड्युअल या जर्मन कंपनीचा जुना टर्नटेबल. बेल्टवर चालणारा, अर्धस्वयंचलित. यादीत सगळ्यात वर होता टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके२. १९७९ चं मॉडेल, क्वार्ट्झ लॉक (स्फटिकाच्या आधाराने वेग पक्का ठेवणारी सोय), वाव-फ्लटर म्हणजे वेगातला चढउतार ०.०२५ टक्के, बटण दाबलं की सेकंदाच्या आत पूर्ण वेग. यंत्र म्हणून ते अव्वलच आहे. पण मला यंत्र नाही, ख्याल ऐकायचा आहे.

निर्णय झाला तो तानपुऱ्यामुळे. एका मित्राकडे दोन्ही टर्नटेबलांवर एकच एलपी लावली. वेगातली हलकीशी लहरही तानपुऱ्याच्या अखंड सुरात लपत नाही, म्हणून आलापाच्या आधीचे नुसते तानपुरेच पुन्हापुन्हा ऐकले. दोन्हीकडे सूर सारखाच झुलत होता, दर १.८ सेकंदांनी एकदा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला तबकडीचा एक फेरा नेमका तेवढाच वेळ घेतो. म्हणजे दोष रेकॉर्डचा : मधलं भोक केंद्रापासून सरकलेलं.

भोक फक्त अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर केंद्रापासून १० सेंटिमीटरवरच्या खाचेत सूर अर्धा टक्का चढतो आणि अर्धा टक्का उतरतो. मिळून एक टक्का. प्रमाणश्रुती (सुरांमधलं एक बारीक अंतर) ८१/८० ची, म्हणजे सव्वा टक्क्याची! गायकाने जिवापाड सांभाळलेली श्रुती तबकडीच हलवते आहे, आणि आपण वाव-फ्लटर ०.०२५ की ०.०८ यावर रात्री जागवतोय. आतल्या खाचांकडे जावं तसा हा झोल वाढतच जातो. नाकामिचीने ऐंशीच्या दशकात तबकडीचं केंद्र स्वतः शोधणारा टर्नटेबल काढला होता. मला तर तीच त्या काळातली खरी संगीताची काळजी वाटते. आपल्यासाठी गोल कानस पुरते. भोक किंचित मोठं करायचं, तबकडी फिरत असताना हेडशेल, म्हणजे आर्मचं सुई धरणारं टोक, डावी-उजवीकडे डोलतंय का ते बघायचं, आणि डोलणं थांबेपर्यंत तबकडी हलक्या हाताने सरकवत राहायचं. दुर्मीळ रेकॉर्डला मात्र मी कानस लावत नाही.

वाचलेले पैसे सुईत घातले. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतली मायक्रोलिनिअर, म्हणजे बारीक धारेच्या टोकाची, सुई घेतली. कारण असं की एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आणि आपल्याकडे तिथे काय असतं? द्रुत! तानांचा कळस, ठुमरीतली तबल्याची लग्गी, सगळं नेमकं त्या अडचणीच्या जागेत. साध्या गोल टोकाच्या सुईवर तिथे आवाज खरखरीत होतो, शब्दांतला 'स'चा उच्चार फुटतो. नव्या सुईवर शेवटच्या तानेतला दाणा न् दाणा सुटा ऐकू येतो. मोटर बदलून हे कधीच मिळालं नसतं.

जुळणी : बेल्ट नवा घातला, वजनकाट्यावर सुईचा भार २ ग्रॅम केला, प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या पट्टीवर) केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या बिंदूंवर कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, सरळ केलं. शेवटचं काम चिकाटीचं आहे, पण टाळू नका. आतल्या खाचांतला निम्मा त्रास तिथेच जातो.

आणखी एक सोय, जिला परीक्षणात कुणी गुण देत नाही : बाजू संपली की आर्म आपोआप उचलला जातो आणि यंत्र थांबतं. भैरवी संपल्यावर जी शांतता हवी असते ती आता मिळते. सुई वाजत राहील म्हणून धावत उठावं लागत नाही. माझ्यासाठी निवडीत या गोष्टीचं वजन क्वार्ट्झ लॉकपेक्षा जास्त होतं.

राहिल्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या. या ड्युअलला तो वेगच नाही, आणि एलपीची सुई त्या रुंद खाचेत तळाला घासते; तिथे ६५ ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. आजोबांच्या नाट्यपदांसाठी चार वेगांचा जुना गॅरार्ड शोधतोय. त्यातल्या आयडलर चाकाचं (मोटरची गती तबकडीखालच्या थाळीला देणाऱ्या चाकाचं) रबर कडक झालं असेल तर ते पुन्हा चढवून देणारा कारागीर पुण्या-मुंबईत कुणाच्या माहितीत असल्यास जरूर सांगा.