नॅशव्हिलचे लाकडी वर्तुळ

अटलांटाहून नॅशव्हिल जेमतेम चारशे किलोमीटरवर आहे, तरी तिथे जाण्याचा आमचा बेत कित्येक वर्षे नुसता बोलण्यातच राहिला होता. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही चौघे अखेर निघालो. दोघे मित्र कंट्री संगीताचे जुने श्रोते होते, एका मैत्रिणीला त्यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि मला गाणी आवडत असली तरी ती कुठून आली याचा मी कधी शोध घेतला नव्हता. त्या रात्रीच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या जुन्या कार्यक्रमाची तिकिटे आम्ही महिनाभर आधीच काढून ठेवली होती.

टेनेसी राज्यातल्या चॅटनूगापर्यंत रस्ता सरळ आहे. तिथे गाडी थांबवून घरून आणलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली. पुढे २४ क्रमांकाचा महामार्ग टेनेसी सोडून काही मैल पुन्हा जॉर्जियात शिरतो आणि परत टेनेसीत येतो. त्यानंतर थोड्याच वेळात वेळेची हद्द लागते आणि घड्याळ एक तास मागे जाते. मॉन्टीगलचा घाट चढताना दोन्ही बाजूंची झाडी पिवळ्या-तांबड्या रंगांनी इतकी भरून गेली होती की गाडीत बराच वेळ कोणी बोललेच नाही.

नॅशव्हिलमध्ये आम्ही सर्वांत आधी रायमन ऑडिटोरियम पाहिले. थॉमस रायमन हा नदीतल्या आगबोटींचा मालक. सॅम जोन्स नावाच्या धर्मोपदेशकाच्या प्रवचनाने त्याचे मन पालटले आणि त्याने अशा प्रवचनांसाठी हे सभागृह उभारण्याचा ध्यास घेतला. ते १८९२ मध्ये पूर्ण झाले. आजही तिथे खुर्च्या नाहीत, चर्चमध्ये असतात तशी लांब लाकडी बाके आहेत. १९४३ ते १९७४ अशी एकतीस वर्षे ऑप्रीचा कार्यक्रम याच सभागृहातून होत असे. बाकावर बसून रिकाम्या रंगमंचाकडे पाहताना मला आपल्याकडची देवळातली कीर्तने आठवली. गाणे ऐकायला आलेला माणूस तिथे शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसतो, आणि अशा बसण्याने ऐकण्यातही फरक पडतो असे मला मनापासून वाटते.

ऑप्री हा मुळात रेडिओचा कार्यक्रम आहे, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. एका विमा कंपनीने १९२५ मध्ये नॅशव्हिलमध्ये डब्ल्यूएसएम हे नभोवाणी केंद्र सुरू केले. ‘आम्ही लक्षावधींचे संरक्षण करतो’ या तिच्या इंग्रजी घोषवाक्याची आद्याक्षरे म्हणजेच केंद्राचे नाव. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला अंकल जिमी थॉम्पसन नावाचा सत्तरी ओलांडलेला फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) केंद्रावर वाजवायला बसला, आणि तो दिवस ऑप्रीचा आरंभ मानला जातो. १९३२ मध्ये केंद्राची शक्ती पन्नास हजार वॉट झाली. मध्यम लहरी सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन फार दूर जातात. त्यामुळे शनिवारी रात्री शेकडो मैलांवरच्या शेतघरांतही हा कार्यक्रम ऐकला जाऊ लागला. ‘आपली आवड’साठी रेडिओभोवती जमणारी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

आरंभीच्या लोकप्रिय कलाकारांत डिफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक (म्हणजे माउथ ऑर्गन वाजवणारा) होता. हार्मोनिकावर तो धावत्या आगगाडीचा आवाज हुबेहूब काढत असे. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले, आणि ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला स्थान मिळाले ते थेट २००५ साली, त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत आणले. हा इतिहास सांगितल्याशिवाय या संगीताची गोष्ट पुरी होत नाही.

संध्याकाळी आम्ही शहराबाहेरच्या ऑप्री हाउसमध्ये पोहोचलो. १९७४ मध्ये कार्यक्रम या नव्या सभागृहात आला, तेव्हा रायमनच्या रंगमंचाच्या ओक लाकडातून सहा फूट व्यासाचे एक वर्तुळ कापून इथल्या रंगमंचाच्या मध्यभागी बसवण्यात आले. २०१० च्या मे महिन्यात कंबरलँड नदीला महापूर आला आणि या रंगमंचावर सुमारे चार फूट पाणी चढले. लाकडाचे ते वर्तुळही बुडाले, पण दुरुस्त करून ते पुन्हा त्याच जागी बसवले गेले. आमच्या जागा मागच्या बाजूला होत्या, तरी उजळ फळ्यांमध्ये ते गडद लाकूड स्पष्ट दिसत होते. गायला येणारा प्रत्येक कलाकार त्या वर्तुळात पाय ठेवण्याआधी क्षणभर खाली पाहत होता.

एका बाजूला उभा असलेला निवेदक दोन गाण्यांच्या मधे जाहिराती वाचत होता, कारण कार्यक्रम तेव्हाही थेट प्रसारित होत होता. प्रत्येकाला दोन-तीन गाण्यांपुरताच वेळ होता. मी मात्र बहुतेक वेळ पेडल स्टील गिटारकडेच पाहत होतो. तिच्या तारांवरून पोलादी कांडी सरकते आणि पायाखालच्या पट्ट्या दाबून सूर बदलतात, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना जी अखंड मींड ऐकू येते ती आपल्या कानाला लगेच ओळखीची वाटते. बँजोची पाचवी, आखूड तार सतत एकच सूर धरून होती, आणि मला तुणतुणे ऐकू येत होते. वडिलांच्या रिकाम्या खुर्चीवरचे एक साधे गाणे सुरू झाले, तेव्हा आमच्यातली कंट्री संगीत न ऐकलेली मैत्रीण डोळे पुसत होती. गाण्यात एकही अवघड शब्द नव्हता.

रविवारी दुपारी चारला आम्ही परत निघालो आणि गाडीत ६५० किलोहर्ट्झवर डब्ल्यूएसएम लावले. मॉन्टीगलचा उतार लागला, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला केलेले वाळू-खडीचे चढ दिसू लागले, आणि दिवस मावळता मावळता आवाजात खरखर वाढली. कोणीही केंद्र बदलले नाही. चॅटनूगापाशी शनिवारी मिळालेला तास परत द्यावा लागला. पूर्ण अंधार पडल्यावर अटलांटाच्या वेशीवर फिडलचे सूर हळूहळू पुन्हा वर आले. घरासमोर गाडी थांबली तरी गाणे संपेपर्यंत आम्ही चौघे आतच बसून होतो.