पांढरी बाटली

जूनचा पहिला आठवडा होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा भरू लागून तीनच दिवस झाले होते. आदल्या रात्री विजांच्या कडकडाटासह वळवाचा जोरदार पाऊस पडून गेला होता. सकाळी साडेपाचच्या सुमारास दहावीतला एक मुलगा धापा टाकत आमच्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, घाटावर चला लवकर. मासं समदं वर आल्यात."

आमचे गाव चिक्कोडी तालुक्यात, कल्लोळच्या खालच्या अंगाला कृष्णेच्या काठी आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा नृसिंहवाडीला पंचगंगेला पोटात घेते, राजापूरचा बंधारा ओलांडून कर्नाटकात येते आणि कल्लोळजवळ दूधगंगेला भेटून आमच्यापर्यंत पोहोचते. पावसाळ्यात राजापूरहून किती पाणी सुटले आणि दूधगंगेतून किती आले, याची बेरीज आमच्याकडे शाळकरी मुलेसुद्धा तोंडी करतात, कारण २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या पुरांनी ती शिकवली आहे. उन्हाळ्यात मात्र हीच नदी बंधाऱ्याच्या बरग्यांमागे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्यांमागे, थांबून राहते आणि तिच्या कडेकडेने केंदाळ साचते.

मी येथील मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की इच्छुक मुलांना घेऊन मी नदीवर जाते आणि हा माझ्या नोकरीतला सर्वांत आवडता तास आहे. पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकणारी लहान मुले, पाण्यात सूर मारणारा खंड्या, खडकावर पंख पसरून बसलेले पाणकावळे, आणि ऊन वर चढले की पाण्यावरून येणारा तो थंड वास. हे सगळे ज्याने अनुभवले आहे त्याला नदीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या विज्ञान प्रकल्पासाठी आम्ही बेळगावहून पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचे साहित्य आणले होते. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी घाटावरचे पाणी तपासून एका वहीत नोंद करण्याची आमची पद्धत आहे.

घाटावर पोहोचले तेव्हा गाव जमले होते. कटला, रोहू, चिलापी असे शेकडो मासे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडे उघडून हवा घेण्याची धडपड करीत होते आणि त्याहून अधिक मासे पांढरी पोटे वर करून काठाला लागले होते. काही जण टोपल्या घेऊन आले होते. त्यांना आमच्या गावात तीन पिढ्या होडी चालवणाऱ्या भोई तात्यांनी आधीच अडवले होते. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरीणबाई, एक गोष्ट ध्यानात घ्या. मरळ एकबी मेलेला न्हाई."

तात्यांचे ते एक वाक्य माझ्यासाठी त्या दिवसाची किल्ली ठरले. मरळ हा मासा पाण्याबाहेर तोंड काढून थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. पाण्यात विष कालवले गेले असते तर बहुधा तोही वाचला नसता; बाकीचे मरून मरळ तेवढा जगतो, तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन संपला असावा अशी दाट शंका घ्यायला जागा असते. एवढी पारख मला पुस्तकाने दिली नव्हती.

घाटावर निकाल मात्र लागून गेला होता. "वरनं मळीचं पाणी सोडलंय," हे प्रत्येकाच्या तोंडी होते. मळीचं पाणी म्हणजे साखर कारखान्यांचे सांडपाणी आणि वरनं म्हणजे हद्दीच्या पलीकडून, महाराष्ट्रातून, हे सांगावे लागत नव्हते. हा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जुना आहे आणि तिचे पाणी शेवटी आमच्याच नदीत येते. पण संशय आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर्षभर मुलांना शिकवते आणि ती मुले त्या क्षणी माझ्याकडे पाहत उभी होती.

घाई करणे भाग होते. रात्रभर पाण्यातले शेवाळ आणि वनस्पती ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. ऊन पडले की त्याच वनस्पती तो पुन्हा तयार करू लागतात आणि खरे चित्र पुसट होते. मुलाला शाळेच्या किल्ल्या देऊन पाणी तपासण्याच्या साहित्याची पेटी मागवली आणि तात्यांच्या नावेतून तीन ठिकाणचे पाणी घेतले. पहिली बाटली गावाच्या वर, नदीच्या मुख्य धारेत भरली. दुसरी आमच्या गावचा ओढा नदीला मिळतो त्या तोंडाशी, आणि तिसरी घाटाजवळच्या डोहात. बाटली पाण्याखाली धरून एकही बुडबुडा आत राहणार नाही अशी भरावी लागते, कारण हवेचा बुडबुडा खोटी साक्ष देतो. मग त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड सोडायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा.

पहिली बाटली चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी झाली. घाटाजवळची फिकट पिवळसर झाली. ओढ्याच्या तोंडाची बाटली दुधासारखी पांढरीच राहिली. मी ती दोनदा हलवून पाहिली. तात्या वल्हे थांबवून त्या बाटलीकडे पाहत राहिले आणि काही बोलले नाहीत.

प्रयोगशाळेत आम्लाचे काम मी स्वतः केले आणि ब्युरेटचे, म्हणजे मोजनळीचे, आकडे मुलांनी वाचले. मुख्य धारेत दर लिटरला ५.८ मिलीग्रॅम ऑक्सिजन, घाटाच्या डोहात १.४ आणि ओढ्याच्या तोंडाशी शून्य. आंघोळीच्या नदीपाण्यात तो किमान ५ मिलीग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. म्हणजे वरून येणारी कृष्णा त्या पहाटे तरी श्वास घेत होती. तिचा श्वास आमच्या गावाशी येऊन कोंडला होता.

दुपारच्या सुट्टीत आम्ही ओढ्याच्या काठाने वर चालत गेलो. अर्ध्या किलोमीटरवर वास सुरू झाला. आडसाली उसाच्या लागणीच्या तयारीसाठी शेतकऱ्यांनी आणून टाकलेल्या मळीचे ढीग ओढ्याच्या अगदी काठावर उघडे पडले होते आणि रात्रीच्या पावसाने त्यांना खोल ओघळी पाडल्या होत्या. उसाचा रस निवळताना खाली बसणारा हा गाळ जमिनीला उत्तम खत आहे. पण तोच पाण्यात गेला की त्याच्यावर वाढणारे जिवाणू बघता बघता ऑक्सिजन खाऊन टाकतात. शेणाचे उकिरडे आणि गटारांचे पाणीही त्याच ओढ्यात येत होते. मुलांनी अकरा ढीग मोजले. सातवा आमचा होता. माझ्या सासऱ्यांनी तो मे महिन्यात टाकला होता आणि मी रोज त्याच वाटेने शाळेला जात होते. मुलांनी तो ओळखला होता, पण वहीत लिहावा की नाही असे एकाने मला हळूच विचारले. मी लिहायला सांगितले.

संध्याकाळी पंचायतीपुढे अर्ज तयार होता. कन्नड शाळेतील एका शिक्षकांनी तो चांगल्या कन्नडमध्ये लिहिला होता आणि त्यात सारा दोष हद्दीपलीकडे टाकलेला होता. मी तीन आकडे आणि अकरा ढिगांची यादी वाचून दाखवली. बराच गोंधळ झाला. "बाई, तुमी आपल्याच गावावर उलटताय व्हय?" असे एका कर्त्या माणसाने सर्वांसमोर विचारले आणि ते मला लागले. मी एवढेच सांगितले की उद्या वरच्या धारेची बाटली पांढरी निघाली तर तोही आकडा मी याच आवाजात वाचेन, आणि तेव्हा आपल्या अर्जाला वजन यायचे असेल तर आज या अर्जात आपला ओढा लिहावा लागेल. कन्नड शाळेच्या शिक्षकांनी काहीही न बोलता माझी वही जवळ ओढली आणि अर्जाला दुसरे पान जोडायला घेतले. सह्या पहिल्या पानावर जेवढ्या झाल्या होत्या, त्याच्या निम्म्याही त्या पानावर झाल्या नाहीत.

घरी मामंजी जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी मी उठले तेव्हा ते दोन गडी आणि ट्रॅक्टर घेऊन शेतावर गेलेले होते. शाळेला जाताना पाहिले तर सातवा ढीग ओढ्यापासून उचलून वरच्या बांधाआड नेऊन ताडपत्रीखाली झाकलेला होता आणि मामंजी शेजारच्या शेतकऱ्याशी हातवारे करून काहीतरी बोलत होते. मला पाहून त्यांनी विचारले, "आज बाटली भरली का?"

भरली होती. ओढ्याच्या तोंडाशी ०.९.