गवंती टाक्यातली दीपमाळ: स्टीलचा दोरा आणि अंबर एलईडी

काळ्या मॅटीवर (घरं मोजून भरता येतं ते जाळीदार विणीचं कापड) जेजुरीच्या धर्तीची दीपमाळ, सगळी कसुतीच्या म्हणजे कर्नाटकातल्या मोजून भरायच्या भरतकामाच्या टाक्यांत, आणि दिव्यांच्या जागी खरा उजेड. भिंतीवर लावायच्या या पट्टीचं काम आता निम्म्याच्या पुढे गेलंय. जोतं, खांबाच्या दोन्ही कडा आणि अकरा एलईडी झाले. कळस, काठ आणि ज्योतींची थरथर बाकी आहे. त्रिपुरी पौर्णिमेला खऱ्या दीपमाळा उजळतात, त्या संध्याकाळी ही दारात लागायला हवी.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते गवंती या कसुतीच्या टाक्याबद्दल. कंडक्टिव्ह म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या दोऱ्याचे बहुतेक नमुने साध्या धावदोऱ्याने शिवलेले दिसतात. गवंतीत आपण जाताना एक घर सोडून टाका घालतो आणि परतताना त्याच भोकांतून मधली रिकामी घरं भरत येतो. पुढून-मागून सारखीच अखंड रेघ मिळते. विजेच्या हिशोबाने पाहिलं तर त्या रेघेत दोन तारा समांतर चालल्या आहेत आणि प्रत्येक भोकात एकमेकींना चिकटल्या आहेत. माझा तीन पदरी स्टेनलेस स्टीलचा दोरा मीटरवर फुटाला साधारण 10 ओहम दाखवतो. त्याच दोऱ्याची फूटभर गवंती सहाच्या आत येते. शिवाय एखाद्या ठिकाणी एक पदर तुटला तरी प्रवाह शेजारच्या पदरातून पुढे जातो. कसुतीत मागे गाठ ठेवायची नाही हा नियमही इथे फार मोलाचा आहे, कारण मागे लोंबणारी स्टीलची शेपटं एकमेकांना टेकली की शॉर्ट सर्किट ठरलेलंच.

मांडणी अशी: खांबाची डावी कड धन, उजवी कड ऋण, आणि मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे एलईडी. दोन रेघा कुठेच एकमेकींना ओलांडत नाहीत, त्यामुळे मध्ये इन्सुलेशन घालायची गरजच पडत नाही. दीपमाळ वर निमुळती होते, तिथे कडा जवळ येतात. तरी मॅटीची निदान तीन घरं मोकळी राहतील असाच आलेख काढला. शेंड्याला कडा जुळतात तो कळस मात्र पूर्ण सुती दोऱ्याने भरायचा.

आता उजेड सारखा पडण्याचा प्रश्न. दोन्ही कडांना तळातूनच वीज दिली, तर वरच्या दिव्यापर्यंत जाताना आणि येताना दोन्हीकडे व्होल्टेज पडतं. एकेरी धावदोऱ्यावर तळ आणि शेंडा यांत सुमारे 0.3 व्होल्टचा फरक येतो. पांढऱ्या एलईडीला स्वतःलाच 3 व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे 3 व्होल्टच्या बॅटरीवर त्यांना एवढी घट सोसत नाही आणि वरचे मिणमिणतात. अंबर एलईडीचं काम 2 व्होल्टच्या आसपास भागतं, त्यामुळे हाताशी जवळजवळ एक व्होल्ट शिल्लक राहतो. तेलाच्या ज्योतीचा रंगही तोच. एकाच समांतर ओळीत रेझिस्टरशिवाय अंबर आणि पांढरे मिसळू नका. अंबर सगळा प्रवाह ओढून घेतात आणि पांढरे पेटतच नाहीत.

उरलेला फरक घालवायला धन तळातून दिलं आणि ऋण शेंड्यातून काढलं. मग तळच्या दिव्याला धनाची वाट छोटी आणि ऋणाची लांब, वरच्याला बरोबर उलट. तळ आणि शेंडा एकसारखे होतात, मधल्या दिव्यांना किंचित कमी मिळतं. हिशोबाने एकूण तफावत आधीच्या चौथाईवर येते, आणि अंधारात उभं राहून पाहिलं तर मला ती ओळखू येत नाही. शेंड्यातून बॅटरीपर्यंत परतीची रेघ हवी, ती पट्टीच्या उजव्या काठात मुरवणार आहे. सध्या ते काम क्रोकोडाइल क्लिपची वायर करतेय.

प्रत्येक एलईडीला प्रवाह आवरायला 330 ओहमचा रेझिस्टर आहे. स्टीलच्या दोऱ्याला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून रेझिस्टर आधीच एलईडीच्या पायाला डाग देऊन जोडला आणि मग टोकं नोज प्लायरने वळवली: धनाला गोल वेटोळं, ऋणाला चौकोनी. कापड उलटं असतानाही बोटाला कळतं कुठली बाजू कुठली. वेटोळ्यातून दोरा तीन-चार वेळा घट्ट फिरवायचा. स्टील लवचीक असल्यामुळे टोक उसवतं, त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब, पण आधी मीटर लावून सातत्य तपासल्यावरच. एलईडी आणि रेझिस्टर पुण्यात तापकीर गल्लीत सुटे मिळाले, मॅटी आणि अँकरचे दोरे बोहरी आळीत.

चांदीचा मुलामा असलेला नायलॉन दोरा मऊ असतो, सुईत सहज ओवला जातो, पण देवघरातल्या चांदीसारखा काळा पडतो. भिंतीवर वर्षानुवर्षं राहायचं काम आहे, म्हणून मी स्टीलच निवडलं.

जरीचाही प्रयोग करून पाहिला. जुन्या पैठणीच्या सुट्या निघालेल्या जरीवर मीटर लगेच बोलतो, कारण खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या जरीवर काहीच नाही. 1997 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कापडातलं सर्किट करायला घेतलं, तेव्हा त्यांनी वापरलेलं एक कापड भारतात विणलेलं रेशमी ऑर्गान्झा होतं. त्याच्या आडव्या धाग्यांवर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली होती. आपल्या विणकरांचा माल या कलेच्या अगदी मुळाशी आहे याचा मला फार आनंद होतो. 2007 मध्ये लीआ बीक्ली यांचा लिलीपॅड अर्डुइनो, म्हणजे कापडावर शिवायचा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, बाजारात आला आणि शिवता येणारे बोर्ड आपल्यासारख्यांच्या हाती पडले.

बॅटरीसाठी बटण सेल नको. सीआर2032 ची क्षमता 220 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, आणि असा सलग भार तिला पेलत नाही. घरात लहान मूल असेल तर ती गिळली जाण्याचा धोका वेगळाच. माझ्या अकरा दिव्यांना 28 मिलिअँपिअरच्या आसपास लागतात. मागच्या खिशात दोन एएए अल्कलाइन सेल ठेवले की तीसेक तास निघावेत.

पुढचं काम थरथरीचं. अ‍ॅटटायनी85 या चिमुकल्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपच्या पीडब्ल्यूएम पिनांवरून (भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणाऱ्या) खांबाचे तीन भाग वेगवेगळे हलवता आले असते, पण त्यासाठी डावी कड तीन ठिकाणी तोडावी लागेल आणि गवंतीची अखंड रेघ मला मोडायची नाही. म्हणून अख्खा खांब एका पिनेवरून, बीसी547 ट्रान्झिस्टरमार्फत, अगदी हलकेच कमी-जास्त होईल. जोत्यावर दोन पणत्या नव्याने भरायच्या आणि त्यांना स्वतंत्र पिना द्यायच्या. त्यांच्या तारा मुर्गी या कसुतीतल्याच पायऱ्यापायऱ्यांच्या टाक्यात नेता येतील का, ते उरलेल्या मॅटीच्या तुकड्यावर करून पाहतेय. कोणी मुर्गीत स्टीलचा दोरा चालवला असेल, तर कोपऱ्यावर ताण किती ठेवला ते जरूर सांगा.