स्टीम जनरेटर: ठणठण सापडली, फस्स बाकी आहे

घरच्या स्टीम बाथमध्ये वाफ चालू केली की ठणठण व्हायची, ती सापडली एकदाची! वाफ करणाऱ्या डब्यात, म्हणजे स्टीम जनरेटरमध्ये, नव्हतीच ती, फॉल्स सीलिंगमधल्या वाफेच्या पाइपात होती.

मागच्या वेळी सांगितलं तसं सहा किलोवॅटच्या डब्याखाली रबर पॅड टाकले, सायट्रिक ॲसिडने क्षार काढले, त्याने खदखद बरीच बसली. (पुण्यात टँकरचं पाणी असेल तर हे दर दोन महिन्यांनी कराच, कॉइलवर खडूसारखा थर बसतो.) पण ठण्... ठणठण... ठण् तशीच. सकाळी मी वाफेला बसलो की पलीकडच्या खोलीतून आई, "अरे भांडीवाली आली का रे?"

दोन रविवार मी कॉन्टॅक्टरला (हीटर चालू-बंद करणारा डब्यातला स्विच) शिव्या घालण्यात घालवले. मग प्लायचा बॉक्स केला, आत फोम, तर डबाच तापायला लागला, काढला. साडेतीन हजार पाण्यात. शेवटी गॅरेजवाल्यांची जुनी युक्ती, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक पाइपच्या क्लॅम्पला, आणि ठण् थेट वरून! सीलिंगची झडप उघडून पाणसळ ठेवली तर तीन मीटरच्या पाइपला फक्त दोन क्लॅम्प, मधे चांगला दीड बोट झोळ. त्या झोळात थंड झालेलं पाणी साचतं, वाफ त्यात घुसली की बुडबुडा फटकन मिटतो आणि पाणी पाइपाच्या वळणावर, एल्बोवर, जाऊन आपटतं. म्हणून आवाज चार-पाच मिनिटांनी सुरू व्हायचा! हे माझ्या आधीच डोक्यात यायला हवं होतं.

प्लंबरला बोलावलं नाही, तोच झोळ देऊन गेला होता. बोहरी आळीतून क्लॅम्प आणले, पाच लावले, मीटरला दोन सेंटिमीटर ढाळ दिला, डब्याकडे, म्हणजे गरम थेंब पायावर नकोत. ठणठण कमी झाली पण आता नवीनच, गुडगुड आणि हेडमधून (बाथरूममध्ये वाफ सोडणारं तोंड) पिचकाऱ्या! वैतागून हिशोब मांडला. सहा किलोवॅट म्हणजे सेकंदाला अडीच-पावणेतीन ग्रॅम पाणी, त्याची वाफ साडेचार लिटरच्या आसपास, ती अर्धा इंची पाइपातून सेकंदाला साधारण तीस मीटरने पळते, एक्सप्रेसवेवर दंड बसेल एवढा स्पीड. त्या वाऱ्याच्या उलट पाणी परत कसं येणार? सगळे क्लॅम्प सोडून ढाळ उलटा केला, हेडकडे. हेड खाली कोपऱ्यात आहे, समोर कुणी बसत नाही, थेंब पडू देत.

काल वीस मिनिटं बसलो. एकही ठण् नाही. आईने काहीच विचारलं नाही, हीच पावती.

वर ग्लासवूलचं आवरण घालणार आहे, एसीवाल्याकडचं काळं नायट्राइल रबर मला वाफेच्या लाइनला पटत नाही. आणि वाफेच्या लाइनला व्हॉल्व्ह लावून आवाज कमी करा असं एकाने सुचवलं होतं, ते अजिबात करू नका, ती वाट कायम मोकळीच हवी.

आता वाफ सुटताना होणारी फस्स. त्यासाठी पूर्ण लाइन पाऊण इंची करायचा विचार होता, तांब्याचा भाव ऐकून बसलोच. पण आता लिहिताना वाटतंय की फस्स मुख्यतः हेडच्या भोकातूनच येते, मग आधी मोठ्या तोंडाचं हेड बघतो, पाइप दिवाळीनंतर.

दुसरं म्हणजे डब्यात पाणी भरून सॉलेनॉइड (पाणी सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बंद होताना होणारा धप्प. गच्चीवर प्रेशर पंप आहे म्हणून हॅमर अरेस्टर (पाण्याचा दणका झेलणारा तुकडा) मागवणार होतो... थांबा, अँगल कॉकच जरा कमी केला तर? पाण्याचा वेगच कमी, तर दणकाही कमी.

आत्ताच फिरवून आलो. पाऊण वळसा बंद. धप्पचा टक् झाला! आणखी बंद केला तर भरायला उशीर होऊन पॅनलवर एरर येते, तेही बघून झालं. अरेस्टरची ऑर्डर कॅन्सल.