तीन दिवस, नऊ माहितीपट आणि रविवारची बंद मेस

मानवी हक्कांवरच्या माहितीपटांचा महोत्सव, प्रवेश विनामूल्य. खरं सांगायचं तर मी 'विनामूल्य' एवढंच वाचलं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्याला महिनाअखेरीस दुसरं काही दिसत नाही.

जागा लॉ कॉलेज रस्त्यावरची, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं सभागृह. मी अलका चौकातून डेक्कनवरून चालतच गेलो. लांबून येणाऱ्यांनी मेट्रोनं नळ स्टॉपला उतरावं, तिथून लॉ कॉलेज रस्ता धरावा. नोंदणी केली म्हणजे खुर्ची मिळाली असं नसतं; अर्धा तास आधी रांगेत लागा. कॉलेजचं ओळखपत्र आणि एक शाल किंवा स्वेटर जवळ ठेवा. सभागृहातला एसी कडक असतो; मी ते गंमतीत घेतलं आणि दोन तास कुडकुडलो.

पहिल्या दिवशी हावरटासारखे पाच माहितीपट पाहिले. रात्री कॉटवर पडल्यावर कुणाची वस्ती कुठल्या शहरात पाडली तेच आठवेना. माणसांची नुसती सरमिसळ. स्वतःचीच लाज वाटली. दिवसाला दोन पुरेत.

दुसऱ्या दिवशी म्हणून दोनच. त्यातला एक 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, काही दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी जीवन संपवलं. आनंद पटवर्धन चौदा वर्षं हे चित्रित करत राहिले; २०११ ला चित्रपट पुरा झाला. तीन तासांच्या आसपासचा आहे, पोटात काहीतरी घालून बसा. कबीर कला मंच हा गाणाऱ्या पोरांचा गट पडद्यावर आला तेव्हा सभागृहात हालचाल झाली. आपल्याच पुण्यातली पोरं ती. शेजारचे शबनमवाले काका गाणं हलकेच पुटपुटत होते, त्यांना कुणी शुक् केलं नाही.

रविवारी 'कक्कूस'. दिव्या भारतींचा, २०१७ चा, तमिळ. कक्कूस म्हणजे संडास. हातानं मैला साफ करवून घेण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा मला पाठ होता. गटारात उतरून मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्या असं सर्वोच्च न्यायालय २०१४ मध्ये म्हणालं, २०२३ मध्ये त्याचे तीस लाख झाले, हेही पाठ. एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे ना. पडद्यावर हातमोजे नसलेले हात दिसत होते आणि मी डोळ्यांनी सबटायटलच्या ओळीला चिकटून बसलो होतो, कारण वर बघवत नव्हतं.

नंतरच्या चर्चेत मात्र माईक घेऊन कलमांसकट दोन मिनिटं बोललो. चर्चेच्या सूत्रसंचालकांनी विचारलं, "प्रश्न काय आहे?" प्रश्न नव्हताच. मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "ही माणसं शूटिंगवाल्यांना आधीपासून ओळखत होती का? मला नसतं आवडलं असं कुणी काढलेलं." पुढचा अर्धा तास त्यावरच गेला. परवानगी कुणाची घ्यायची, मेलेल्याचा चेहरा दाखवायचा का, दाखवला नाही तर कुणी विश्वास ठेवेल का. लोक भांडले, चांगलं भांडले. ही चर्चा चुकवू नका, त्यासाठी एखादा माहितीपट सोडावा लागला तरी. आणि प्रश्न आधी वहीत एका ओळीत लिहा.

चर्चा लांबली. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे पुण्यात तीन वर्षं काढून मी विसरलो. शेवटी नळ स्टॉपजवळ एक वडापाव, त्यात अर्धा मित्राला. दुपारीच डबा भरून ठेवा.